आपल्या वासाची माणसं

१ एप्रिल

नोकरीचा पहिला दिवस, म्हणून नवी वही. कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई सांगायच्या, ज्याला प्राणी समजून घ्यायचेत त्यानं रोज लिहावं आणि दिसलं तेवढंच लिहावं. तेवढं पाळायचं ठरवलं आहे.

विरारला पूर्वेकडे उतरून रिक्षावाल्याला चंदनसार सांगितलं, तर नवे टॉवर की जुनं गाव, असं त्यानं विचारलं. विचित्र प्राण्यांचा बंगला म्हटल्यावर तो हसला. मग टकल्यांचा बंगला म्हणा ना ताई, उगाच कशाला लांबण लावता, म्हणाला. बंगला शेवटच्या सोसायटीच्याही पुढे आहे. मागे डोंगर, पुढे आंब्याची चार झाडं. फाटकावर पाटी आहे : ‘जगातले विचित्र प्राणी – शाळांसाठी माहिती केंद्र’. पाटीवर माकड रंगवलं आहे. आत माकड नाही. पाटी रंगवणाऱ्याला तेवढंच येत होतं, असं ग्रेसी आंटींनी हसत सांगितलं.

ग्रेसी आंटी इथल्या मालकीण. साठीच्या, मूळच्या वसईगावच्या. त्यांचे यजमान रेमंड अंकल जहाजावर मुख्य स्वयंपाकी आहेत, वर्षातले नऊ महिने समुद्रावर असतात. प्राण्यांचं वेड त्यांचं, ते सांभाळायचं काम आंटींचं. सगळ्या परवानग्यांची फाइल त्यांनी मला चहाच्याही आधी दाखवली. दुसरी सुझानताई, स्वयंपाकाला नि मदतीला इथंच राहणारी. पाचूबंदरच्या कोळ्यांची, चाळिशीची, तोंडाची फटकळ. माझी पिशवी उचलून बघून तिनं विचारलं, यात पुस्तकं हायत का दगडं.

माझं काम असं : प्राण्यांची निगा, शाळेच्या मुलांना माहिती सांगणं, आणि प्रत्येक पिंजऱ्यासाठी सोप्या मराठीत फलक लिहिणं. किळस वाटणाऱ्या प्राण्याकडे एका मुलानं जरी दोन मिनिटं थांबून बघितलं, तरी माझं शिक्षण कामी आलं असं मी समजेन.

तळमजल्यावर मला खोली दिली आहे. दोन खाटा. दुसरी माझ्या धाकट्या बहिणीसाठी, पिंकीसाठी, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. पिंकीनं नुकतीच बारावी दिली. राहायची चांगली सोय झाली तर तिला पुढं शिकवू, नाहीतर आलेलं स्थळ बघू, असं आमच्या वडिलांचं, अण्णांचं, म्हणणं आहे. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली; दुसरी तीच व्हायला हवी. आंटी म्हणाल्या, येऊ दे की, रिकामी खाट काय खायला मागते?

४ एप्रिल

सहा फलक झाले. मेक्सिकोतल्या ॲक्सोलोटलला सुझानताई ‘हसरा मासा’ म्हणते. मी तिला सांगितलं की तो मासा नाही, बेडकाच्या नात्यातला आहे, आणि त्याचा तुटलेला पाय पुन्हा येतो. माझ्या म्हाताऱ्याचं गुडघं पण येईल का विचार त्याला, म्हणाली. मादागास्करची पाल झाडाच्या सालीसारखी आहे. काचेपाशी पाच मिनिटं उभी राहिले तेव्हा दिसली. ऑस्ट्रेलियाच्या उडत्या खारी दिवसभर कापडी पिशवीत झोपतात. हे सगळे वरच्या मजल्यावर.

खालच्या मोठ्या हॉलमध्ये फक्त टकले. पूर्व आफ्रिकेतले, जमिनीखाली राहणारे, अंगावर केस नसलेले उंदीर. बोटाएवढे, सुरकुतलेले, पुढं आलेले पिवळे दात. ऐंशीच्या वर आहेत. काचेच्या नळ्या नि पेट्या एकमेकांना जोडून सगळी भिंत भरली आहे. खिडक्यांना काळे पडदे आणि एक लाल दिवा.

त्यांचा फलक मोठा झाला, तो इथं उतरवते.

‘हे उंदीर मुंग्यांसारखे राहतात. सगळ्यांची आई एकच, ती राणी. बाकीचे जन्मभर कामकरी. ते पाणी पीत नाहीत, कंदमुळांतला ओलावा त्यांना पुरतो. मिरचीनं त्यांची कातडी जळत नाही. आळस करणाऱ्याला राणी स्वतः येऊन धक्के मारते. त्यांची एक पेटी फक्त शी-शूसाठी असते, तिच्या मातीत ते लोळतात, म्हणून सगळ्यांना एकच वास येतो. त्या वासावरून ते आपली माणसं ओळखतात. परक्या वासाच्या टकल्याला ते मारून टाकतात.’

‘आपली माणसं’ खोडून ‘आपले सोबती’ लिहायचं राहिलं. आंटी म्हणाल्या, राहू दे, मुलांना कळेल.

रात्री सुझानताईनं सुक्या बोंबलाचं कालवण केलं. मी माणदेशातली, तिखटाला घाबरणारी नाही, पण डोळ्यांतून पाणी काढलं तिनं.

१२ एप्रिल

राणीला एकोणीस पिल्लं झाली. तांबड्या शेंगदाण्यांएवढी. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते.

पण वसाहत बिथरली आहे. आम्ही रताळी ठेवायला पेटी उघडली की कामकरी पिल्लं तोंडात धरून सैरावैरा पळतात. आज तीन मेली. मी हात घातला तर एकानं बोटाचं मांसच काढलं. अंकल असताना असं होत नसे, म्हणे. आम्ही फक्त मनगटापर्यंत त्यांची माती लावतो, पण आमच्या दंडांचा, मानेचा, श्वासाचा वास जातोच. माझा चंदनाचा साबण, आंटींची पावडर, सुझानताईची मासळी.

आज पाच मेली. आंटी स्वयंपाकघरात बसून रडल्या. अंकलना फोनवर काय सांगू, म्हणाल्या.

(वर तीन लिहिलं ते सकाळचं. संध्याकाळपर्यंत पाच.)

१५ एप्रिल

उरली अकरा. ती जगणार, आणि ते माझ्यामुळे! स्वतःचं कौतुक वहीत लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

आमच्याकडे एखादं करडू पोरकं झालं तर अण्णा त्याला दुसऱ्या शेळीला लावतात. ती परकं करडू पाजत नाही, शिंगानं उडवते. मग अण्णा त्या शेळीच्या खालची ओली माती घेऊन करडाच्या पाठीला, मानेला, शेपटीला चोळतात आणि दोन दिवस त्याला धुऊ देत नाहीत. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच त्याला चाटायला लागते. पुस्तकात हे कुठं नाही. मला ते काल अंथरुणावर आठवलं.

सकाळी आंटींना सांगितलं. आपण तिघींनी त्यांच्या शी-शूच्या पेटीतली माती अंगभर लावायची, साबण बंद करायचा, पिल्लं मोठी होईपर्यंत. सुझानताईनं कपाळाला हात लावला. आमच्या बंदरावर लोक अंगाचा वास घालवायला साबन घासतात आनि ही शिकलेली वास लावायला सांगते, म्हणाली. पण पहिली तीच बसली. मीच दोघींना लावली, करडाला लावतात तशी. मानेमागे, काखेत, पायांना. मग स्वतःला.

दुपारी पेटी उघडली. एकही पळाला नाही. एक कामकरी माझ्या तळहातावर चढून बसला आणि झोपला.

आंटींनी मला जवळ घेतलं. पदवी अशी असते बघ, असं सुझानताईला म्हणाल्या. अण्णांना फोन करून सांगितलं.  ते म्हणाले, दोन दिवसांनी धू मात्र, करडू असो की माणूस.

२० एप्रिल

आज ईस्टर. आंटी चर्चला गेल्या नाहीत. अंगाला वास येतो, लोकांत कशी जाऊ, म्हणाल्या. पण वास येत नाही. मी नीट हुंगून बघितलं. पाचव्या दिवसापासून मला तरी काहीच येत नाही.

दुपारी त्यांचा भाऊ ज्युड वसईहून आला, मुलाला घेऊन, हातात बदामाच्या वड्यांचा डबा. आम्ही तिघी फाटकापाशी गेलो. का कोण जाणे, कुणीच कडी काढली नाही. तो हसत बहिणीची टिंगल करत होता : काय गो, उंदरांनी मालकिणीला पण पिंजऱ्यात घातलं काय? त्यानं लावलेल्या अत्तरानं माझं डोकं उठलं. दात आवळले गेले. आंटींनी फाटकावरूनच डबा घेतला. मुलगा रडायला लागला आणि ते गेले.

वड्या कुणी खाल्ल्या नाहीत. परक्या घरच्या लागतात, असं सुझानताई म्हणाली. आंटींनीही डबा लांब सारला. त्या वड्या त्यांच्या आईच्या हातच्या पद्धतीच्या होत्या, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं.

२५ एप्रिल

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची शेवटची शाळा आज येऊन गेली. चाळीस मुलं. फार त्रास झाला. मी फलक वाचून दाखवत होते आणि आवाज मलाच लांबून येत होता. एका मुलीनं छान प्रश्न विचारला : कामकऱ्यांना राणीचा राग नाही का येत? मी म्हटलं, राग यायला ताकद उरावी लागते. मुलं हसली. असं मी का बोलले?

हल्ली सारखा थकवा. काम काही वाढलेलं नाही. सकाळी उठतानाच वाटतं की दिवस करून झाला आहे.

सुझानताईला म्हटलं, कालवणात मिरची कमी झाली. तिनं डबा दाखवला, दुप्पट घातली होती. तिलाही लागत नव्हती. आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर मला आठवलं की कालपासून मी पाणी प्यायलेलं नाही. तहान नव्हती. रताळी खाल्ली होती.

ऊन असेल, असं आंटी म्हणतात.

पिल्लं मोठी झाली की धुवायचं ठरलं होतं. ती मोठी झाली. कुणी विषय काढला नाही, मीही नाही.

५ मे

पिंकीला बहात्तर टक्के! फोनवर ती ओरडत होती आणि मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मला आनंद झाला आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाचता येईल.

अण्णांचा सूर बदललाय. स्थळाकडचे लोक या महिन्यात बघायला येणार आहेत. पिंकी म्हणाली, ताई, तू सांगितलंस म्हणून मी अभ्यास केला, आता तूच ने. मी तिला बंगल्याचं, खोलीचं, आंब्यांचं सगळं पुन्हा सांगितलं. चोवीस तारखेला ये, म्हटलं. आंटींनी माझ्या हातातून फोन घेऊन तिला स्वतः बोलावलं. खूप गोड बोलल्या. इथं हात कमी पडतात गो, म्हणाल्या.

हात कमी पडतात. माझ्या मनात आलं, ती शिकायला येत्येय.  आंटींनी जाता जाता मला खांद्यानं ढकललं, प्रेमानं, आणि मी उठून रताळी चिरायला गेले.

१० मे

आज मुद्दाम एक निरीक्षण केलं. दिसलं तेवढंच लिहिते.

मी हॉलमध्ये काचेपाशी. आंटी स्वयंपाकघरात, मध्ये भिंत. राणी नळीतून आली आणि निजलेल्या कामकऱ्याला नाकानं धक्का दिला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात खुर्ची सरकली आणि आंटी उठल्या. पुन्हा धक्का. अंगणात सुझानताईचा झाडू सुरू झाला. मी घड्याळ लावून बघितलं. सात वेळा धक्का, सात वेळा कुणीतरी उठलं.

आठव्यांदा मी उठले. का उठतेय हे कळायच्या आत.

मला वाटत होतं, आंटी आम्हाला राबवतात. त्यांनाही कुणी राबवतंय. हाताएवढीसुद्धा नाही ती, आणि तिला डोळ्यांनी धड दिसतही नाही.

चौदाला रेमंड अंकल येणार. नऊ महिन्यांनी. आंटींनी गोडासाठी तांदूळ भिजवून पीठ केलं आहे, केस विंचरले आहेत. ते आले की त्यांना सगळं सांगेन. प्राण्यांचं कळतं त्यांना.

१४ मे

आज कुणी आलं नाही. खूप दमले. रताळी उरली. तिघी हॉलमध्येच झोपतो आता, जवळ जवळ. फरशीचा गारवा बाधत नाही.

१७ मे

वरच्या मजल्यावर गेले. किती दिवसांनी, माहीत नाही. ॲक्सोलोटलचं पाणी हिरवं झालंय, त्यात काही हलत नाही. उडत्या खारी पिशवीत आहेत, तशाच. पाल मी पाच मिनिटं शोधली. मग कळलं की ती सालीवर नाही, खाली पडली आहे. कुणी खायला घातलं नाही त्यांना. मीही नाही. माझ्या हातचे फलक प्रत्येकावर आहेत.

अडगळीच्या खोलीत निळी बॅग दिसली. विमानाची पट्टी, तारीख चौदा मे. रेमंड अंकलचं नाव.

आत आंटींसाठी मऊ शाल. चॉकलेटं. बंदरांवरचे शिंपले. आणि रंगीत पेनांचा मोठा संच, वर चिठ्ठी : फलक लिहिणाऱ्या नव्या मुलीसाठी.

मी खाली येऊन आंटींना विचारलं, अंकल कधी येणार. चौदाला, म्हणाल्या. आज सतरा आहे म्हटलं. मग येतील, म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ भिजत घातले.

सुझानताई रताळी सोलत होती. तिला विचारलं. मान खाली घालून तिनं सहज सांगितलं : एक मानूस आलेला ना, परका. साबनाचा भपकारा. ग्रेसी, ग्रेसी करत आत घुसत होता. तिचं नाव त्याला कसं ठाऊक, ते काय कळलं नाय. आपन तिघींनी मिळून—

 सोलत राहिली. मग एवढंच म्हणाली की तू तर दाराशी सगळ्यात पुढं होतीस.

मागचं पान बघितलं. आज कुणी आलं नाही. अक्षर माझं आहे.

रताळी उरली, असंही लिहिलंय.

माती लावायची कल्पना माझी होती.

१८ मे

पिंकीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. का, ते नीट सांगता येईना. इथं परक्याला मारतात, म्हटलं.  ती म्हणाली, अण्णांनी तुझ्या तोंडून वदवलंय ना हे? तूही त्यांच्यातलीच झालीस ताई. रडून फोन ठेवला.

पुन्हा लावते म्हणून उठले. राणीनं कुणाला तरी ढकललं. मी अंगण झाडून आले. फोन कुठं ठेवला, आठवेना.

१९ मे

निघून जायचं ठरवलं. पिशवी भरली. फाटकाबाहेर वीस पावलं गेले. उजेड डोळ्यांत सुयांसारखा. समोरच्या टॉवरकडून माणसं येत होती, प्रत्येकाचा वेगळा वास, आणि प्रत्येक वासासरशी माझे दात—

परत आले. पाय आपोआप. हॉलमध्ये दोघी बिलगून पडल्या होत्या, मध्ये जागा होती. तिथं आडवी झाले आणि बरं वाटलं. हेच भयंकर आहे की बरं वाटलं.

२१ मे

साबणानं अंघोळ केली. दोनदा. पूर्वीची झाले तर पिंकीला स्टेशनवरच गाठता येईल, असं वाटलं. न्हाणीघरात आरशात दिसले, किती दिवसांनी. केस हातात आले.

बाहेर पडले तर दोघी दारात उभ्या. मी म्हटलं, मी वसुंधरा. सुझानताई, मी. तिनं नाक वर केलं. मग दोघी अंगावर आल्या. सुझानताईचे दात मनगटात. आंटी चावत होत्या आणि रडत होत्या. माफ कर गो, माफ कर, आणि चावत होत्या.

दुखलं नाही. रक्त होतं, पण दुखलं नाही.

सरपटत हॉलमध्ये गेले, ती पेटी उघडली, सगळी माती अंगावर ओतून घेतली. मग आंटींनी माझी जखम चाटली.

२३ मे

फोन सापडला. पिंकीचा निरोप : अण्णा नको म्हणत होते तरी मी निघाले. त्यांनी दाराला आतून कडी घातली, आता परत जाता येणार नाही. उद्या पोचते. रागावू नकोस, तुला बघितल्याशिवाय राहवत नाही.

उत्तर लिहिलं. येऊ नकोस. शाळेच्या बाईंकडे जा. पोलिसात जा. कुठंही जा. गेलं की नाही कळत नाही, अक्षरं धूसर —

एक उपाय आहे. ती आत यायच्या आधी तिलाच माती लावायची. मग कुणी मारणार नाही. जगेल. दुसऱ्या खाटेची गरजच नाही, आम्ही तशाही —

नाही. नाही. ती शिकायची आहे. ती कामकरी नाही.

मोठ्या अक्षरांत कागद लिहिला. आयुष्यातला शेवटचा फलक. ‘पिंकी, आत येऊ नकोस. परत फिर. पळ.’ फाटकाला बाहेरून बांधला. तीन गाठी.

२४ मे

विरारला उतरले, असा निरोप.

रिक्षात बसले, असा निरोप.

कागद फाटकावर आहे. ती वाचेल. हुशार आहे. बहात्तर टक्के —

कागद माझ्या मांडीवर आहे. तीन गाठींची दोरी पण. मी कधी सोडली? दातांनी तोडलेली आहे —

रिक्षा थांबली. भाडं देत्येय. हसत्येय कुणाशी तरी. आंटी उठल्या. सुझानताई उठली. काचेत सगळे तोंडं वर करून आहेत. मी खांब धरून ठेवलाय, डाव्या हातानं, उजव्यानं लिहिते, लिहीत राहिले तर मी —

कडी वाजली. कुणीतरी ताई, ताई म्हणतंय. बारीक आवाज. माझं नाव तिला कसं ठाऊक —

पिंकी आहे. पिंकी. माझी बहीण. तिचा चेहरा. तिच्या गालावर, गालावर काय होतं —

खांब सुटला. दाराशी मी पुढे आहे. खोबरेल. धूळ. घामाचा वास. परका. मी तिला ओळखेन. जवळ आली की ओळखेन. मी तिला ओळख—